तंबाखू न खाणाऱ्याच्या मानेतली गाठ

दोंडाईच्यातल्या कामिनीच्या दारात गॅसचं सिलिंडर आलं की ती आधी ते वजनकाट्यावर चढवायला लावायची. दुधात बोट बुडवून नखावर थेंब धरायची, आणि थेंब ओघळला तर दूधवाल्याला पुढच्या चार घरी उशीर होईल एवढं ऐकवायची. गल्लीत नवा भाडेकरू आला की तो कुठून आला आणि आधीचं घर त्याने का सोडलं, हे घरमालकाच्या आधी कामिनीला कळलेलं असायचं. तिचा नवरा हेमराज म्हणायचा, हिला पोलिसात घेतलं असतं तर तालुक्यात चोर उरला नसता. ते काही खरं नव्हतं. चोर उरले असते, पण साधी माणसं गाव सोडून गेली असती.

हेमराजच्या मानेतली गाठ सापडली तीसुद्धा या स्वभावापायीच. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला ती त्याच्या मानेला तेल चोळत होती, तेव्हा जबड्याखाली उजव्या बाजूला काहीतरी टणक तिच्या बोटांना लागलं. बोराएवढं असेल. दुसरी एखादी बाई त्यावर तेल जिरवून पुढे गेली असती. कामिनीने पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"हे काय शे?"

"काही नही. मिरचीना ठसका शे, चालना जाई," हेमराज म्हणाला.

"दुखस का?"

"नही."

"दुखत नही तं मंग ठसका कसाना?"

न दुखणारी गोष्ट अंगात बसली आहे, म्हणजे तिला काहीतरी लपवायचं आहे, असा कामिनीचा हिशेब होता. हा हिशेब डॉक्टरी पुस्तकाशी किती जुळतो, हे तिला तेव्हा माहीत नव्हतं.

हेमराज मिरची बाजारात गिरधर शेठच्या अडतीवर कामाला होता. सकाळी ढिगामागून ढिगाचा लिलाव चालायचा आणि हेमराज बोली पुकारायचा. पन्नाशी उलटली तरी त्याचा आवाज बाजाराच्या एका फाटकातून दुसऱ्या फाटकापर्यंत जायचा. हिवाळ्यात मोकळ्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली असते, हवेत तिखट उडत असतं, आणि नवखा माणूस तिथे दोन मिनिटं उभा राहिला तर शिंकून शिंकून डोळे पुसतो. त्यामुळे घसा बसला, खोकला आला, गिळताना अडलं, काहीही झालं तरी दोंडाईच्यात त्याला एकच कारण असतं. गल्लीत ज्याला त्याला गाठ दाखवली गेली आणि ज्याने त्याने मिरचीवर बोट ठेवलं. गावातल्या डॉक्टरांनीही दोनदा गोळ्या दिल्या. गोळ्या संपल्या आणि गाठ होती तिथेच राहिली, उलट थोडी भरली.

कामिनीला मिरची पटेना. बाजारात शेकडो माणसं तेच तिखट श्वासात घेतात, मग गाठ यालाच का? तिने दुसरा संशय घेतला. हा माणूस चोरून तंबाखू खात असणार.

हेमराजला तंबाखू नको, बिडी नको, दारू तर नकोच. पुकारा करताना घसा कोरडा पडू नये म्हणून तो तोंडात खडीसाखर धरायचा, एवढंच त्याचं व्यसन. पण बाजारात काम करणारा माणूस तंबाखू खात नाही असं सांगितलं तर ऐकणारा आधी हसतो, आणि कामिनीला तर इतका स्वच्छ नवरा कधीच पचला नव्हता. ती त्याचे खिसे उलटे करू लागली. सदऱ्याच्या शिवणीत बोटं घालून वास घ्यायची. तो घरी आला की "आ करा" म्हणून उजेडाला उभा करायची. बाजारातल्या पितांबर चहावाल्याला तिने नजर ठेवायला सांगितलं, आणि पितांबरने आठवडाभराने येऊन कळवलं की हेमराजभाऊ दिवसाला चार चहा घेतात, त्यातला एक उधार असतो. एवढाच गुन्हा हाती लागला.

या बाईला असं कोणी केलं, हेही सांगायला हवं. कामिनी हेमराजची दुसरी बायको. पहिली मथुरा, लग्नानंतर पाच-सहा वर्षांतच गेली. कामिनीच्या वडलांना सांगण्यात आलं, काविळीने गेली. पण कामिनी नवी नवरी म्हणून घरात आली तेव्हापासून तिला एक गोष्ट खटकत होती. मथुरेचं नाव निघालं की बायका गप्प व्हायच्या. काविळीने गेलेल्या माणसाबद्दल कोणी इतकं दबक्या आवाजात बोलतं का? सासूला विचारलं तर ती उठून चुलीकडे जायची. नणंदेला विचारलं तर ती विषय बदलायची. हेमराजला विचारलं तर तो म्हणायचा, "गयेल मानूसनं काय इचारस?" आणि वर रीतीप्रमाणे मथुरेचा चांदीचा टाक, म्हणजे तिच्या नावाचा कोरीव पत्रा, कामिनीच्याच गळ्यात बांधलेला. दुजवराच्या बायकोने सवतीचा टाक घालायचा, नवं लुगडं आधी त्याला दाखवायचं, सणाला पहिलं हळदकुंकू त्याला लावायचं. जी कशाने गेली हे धड सांगत नाहीत तिला वीस-बावीस वर्षं छातीवर वागवायची म्हणजे माणूस संशयी होणार नाही तर काय होणार? घरात आपल्याला काहीतरी सांगितलेलं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि ते शोधताना ती दुधात, काट्यात, खिशात सगळीकडे शोधत राहिली.

गोळ्यांचा उपयोग होत नाही म्हटल्यावर गावच्या डॉक्टरांनी धुळ्याला पाठवलं. एसटीत हेमराज खिडकीशी बसून सगळा रस्ता नाकाशी लिंबू धरून होता. धुळ्याच्या डॉक्टर सपना तिशीतल्या, बारीक आवाजाच्या. कामिनीला आधी त्यांच्याच शिक्षणाचा संशय आला. पण त्यांनी नळीने घशाच्या आत पाहिलं, टॉन्सिलमागचा तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि अहवाल आल्यावर दोघांना समोर बसवून सरळ सांगितलं की हा कॅन्सर आहे.

"पन ते तंबाखू खात नही," कामिनी म्हणाली. एवढे दिवस जे सिद्ध करू पाहत होती त्याच्या बरोबर उलटं तिच्या तोंडून निघालं.

"हा तंबाखूचा नाहीच. मिरचीचाही नाही," डॉक्टर म्हणाल्या. "घशातल्या तुकड्यावर आम्ही एक खास तपासणी केली. हा एका विषाणूमुळे झालाय. एचपीव्ही म्हणतात त्याला. टॉन्सिलमध्ये किंवा जिभेच्या मुळाशी सुरू होतो, तिथे दुखत नाही, म्हणून कळत नाही. मानेत गाठ आली की मग माणूस डॉक्टरकडे येतो. पण घाबरू नका, तंबाखूच्या कॅन्सरपेक्षा हा औषधाला बरी दाद देतो."

"विषाणू आला कोठून?" कामिनीने विचारलं.

"स्त्री-पुरुषांच्या जवळिकीतून एकाकडून दुसऱ्याकडे जातो. फार साधी गोष्ट आहे, बहुतेक सगळ्यांना आयुष्यात कधी ना कधी..."

पुढचं कामिनीने ऐकलं नाही. जवळिकीतून, एवढा एकच शब्द तिने उचलला आणि मुठीत घट्ट धरला. डॉक्टर आणखी बरंच बोलल्या. मग त्यांनी हेमराजला विचारलं, "घरात आणखी कोणाला कधी कॅन्सर झाला होता?"

हेमराजने आधी कामिनीकडे पाहिलं, मग फरशीकडे. "नाही," तो म्हणाला.

ती नजर कामिनीने टिपली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच हा माणूस तिच्या हाताला लागला होता. तो काहीतरी लपवतोय, यात तिला तिळमात्र शंका उरली नाही. काय लपवतोय ते तर डॉक्टरबाईंनीच सांगून टाकलं होतं. बाहेर कोणीतरी आहे.

उपचार जळगावच्या दवाखान्यात होणार होते. दीड महिना रोज किरणं, सोबत आठवड्याला सलाइनमधून औषध. आधी चेहऱ्याच्या मापाची जाळी बनवायची तारीख दिली होती. सोबत घरचं माणूस हवंच, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मुलगा नीलेश सुरतेला कापडाच्या कारखान्यात, त्याची नोकरी नवी. राहायला हेमराजची थोरली बहीण कलाबाई हिचं पिंप्राळ्यातलं घर होतं, पण तिचे गुडघे गेलेले. म्हणजे कामिनीच. आणि कामिनी घरात मांडी ठोकून बसली.

"खरं सांगा, कोन व्हती ती? सांगा, मंग मी येसू जयगावले. नही सांगशात तं येवाव नही."

"कोनीच नव्हती. देवनी आन."

"देवले मधमा आनू नका."

तिने त्याचं ताट-वाटी वेगळी केली. त्याच्याशी बोलणं बंद केलं, आणि बोलायची तेव्हा फक्त तोच प्रश्न विचारायची. बाजारात मिरचीचे देठ खुडायला येणाऱ्या शेवंताबाईकडे तो पाणी प्यायचा, हे पितांबरच्या सांगण्यातून तिने उचललं होतं. एके दुपारी नाकाला पदर लावून ती पथारीवर गेली आणि शेवंताबाईच्या समोर उभी राहिली. शेवंताबाई साठीची विधवा, तोंडात दात मोजके, हात कोपरापर्यंत लाल.

"काय दखस व बाई? मना तोंडवर मिरचीना भाव लिखेल शे का?" शेवंताबाई म्हणाली.

आजूबाजूच्या बायका हसल्या. कामिनीला ठसका लागला आणि उत्तर द्यायचं राहून गेलं. शेवंताबाईने तिलाही त्याच तांब्यातलं पाणी दिलं, आणि विचारलं, "हेमराजभाऊनं कसं शे? बारीक पडी गयात ते." कामिनी पाणी न पिता परत आली. पण हिच्यावरचा संशय तिने सोडला नाही, नुसता बाजूला ठेवला.

जाळीची तारीख गेली. दवाखान्यातून फोन आला, दुसरी तारीख मिळाली. "तू येशी तं जासू," हेमराज एवढंच म्हणायचा आणि बाजारात निघून जायचा. त्याचा पुकारा आता तिसऱ्या ढिगापर्यंतही पोचत नव्हता. गाठ समोरून दिसू लागली होती, सदऱ्याची कॉलर तिच्यावर बसत नव्हती. रोज सकाळी ती गाठ कामिनीला दिसायची, आणि दिसली की तिचा जीव घाबरा व्हायचा. हा माणूस मरेल, हे तिला कळत होतं. मरेल आणि सांगणार नाही, याची तिला जास्त भीती वाटत होती. हे लिहायला बरं वाटत नाही, पण ते तसंच होतं.

दुसरी तारीख दोन दिवसांवर आली तेव्हा हेमराज दुपारीच घरी परतला. ओट्यावर बसला, बराच वेळ चप्पल काढायचंही त्याला सुचलं नाही.

"तुले काय ऐकनं शे?"

"खरं."

"मंग ऐक. व्हती एक. इंदूरले. शेठना मालना ट्रकसंगे गयथू. एक डाव चुकनू."

"कधय?"

"लगीननंतर. नीलेश धाकला व्हता."

कामिनी रडली. मोठ्याने रडली, इतकी की शेजारीण दार उघडून बघून गेली. आपण सांगत होतो तेच खरं निघालं, याचं तिला समाधान व्हायला हवं होतं. ते काही होईना. छातीत नुसतं रिकामं रिकामं वाटत राहिलं. पण शब्द दिला होता. रडून झाल्यावर ती उठली, पिशव्या भरायला घेतल्या, आणि भरता भरता गळ्यातला मथुरेचा टाक काढून ट्रंकेत टाकला. ज्या माणसासाठी सवत गळ्यात बांधली त्यानेच अशी पत ठेवली, तर कशाला वागवायची?

दुसऱ्या दिवशी दोघं गाडीने जळगावला गेले.

दवाखान्यात हेमराजच्या चेहऱ्यावर गरम, ओली प्लॅस्टिकची जाळी ओढून त्याच्या नाका-कपाळाचं माप घेतलं गेलं. रोज ती जाळी तोंडावर आवळून त्याला टेबलाला जखडायचे, हलायचं नाही. बाहेर आला की कपाळावर चौकटी उमटलेल्या असायच्या. तिसऱ्या आठवड्यापासून घसा आतून सोलल्यासारखा झाला. थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं. चव गेली, आवाज गेला. कामिनी नागलीची पातळ पेज करून गाळून द्यायची, मीठ-पाण्याने गुळण्या करून घ्यायची, रिक्षात त्याचं डोकं धरायची. करण्यात तिने कसूर ठेवली नाही. पण वेगळं ताट वेगळंच ठेवलं, आणि त्याच्याशी एक शब्द जास्तीचा बोलली नाही. तो तिच्याकडे बघायचा आणि ती पेजेकडे बघायची.

संक्रांत आली. कलाबाईने ओट्यावर शेजारच्या चार बायका बोलावल्या होत्या. त्या यायच्या आधी तिने हळदकुंकवाची कुयरी कामिनीपुढे धरली.

"आधी मथुराले लाव."

कामिनी हलली नाही. कलाबाईची नजर तिच्या मोकळ्या गळ्यावर गेली.

"टाक कोठे शे?"

"काढी ठेयेल शे."

"काबर? मथुरानी काय बिघाडं तुनं?"

"तिनी नही. तुमना भाऊले इचारा, इंदूरले काय करं त्यासनी."

"इंदूर?" कलाबाईने कुयरी खाली ठेवली. "तो कधय इंदूरले गया?"

"ट्रकसंगे गयथात. स्वतःच सांगं माले."

कलाबाई हसायलाच लागली, गुडघे धरून हसली. "हेमराज? ट्रकमा? त्याले आठेतून टेशनलोंग रिक्षामा बसाडं तरी उलटी व्हस. मना लगीनमा वऱ्हाडना ट्रकमा चढना नही तो, सायकलवर उना. इंदूर म्हने!"

कामिनीला एसटीतलं लिंबू आठवलं. बावीस वर्षं ती या माणसाबरोबर प्रवास करत होती. प्रत्येक वेळी लिंबू तिनेच पिशवीत टाकलं होतं. जगातल्या प्रत्येक माणसाचं प्रत्येक बोलणं जिने उलटंपालटं करून पाहिलं, तिने हे एकच वाक्य जसंच्या तसं घेतलं होतं. कारण ते तिला हवं होतं.

"मंग ते डॉक्टरबाईसमोर काय लपाडी राहिनथात?" तिचा आवाज चढला. "घरमा कोनले कॅन्सर व्हता का इचारं, तं मनाकडे दखीसन नही म्हनेत. मी मूर्ख शे का?"

आता कलाबाई गप्प झाली. तोच तो गप्पपणा, जो कामिनी इतकी वर्षं ओळखत होती.

"अक्का, सांगा."

"आते काय लपाडनं," कलाबाई शेवटी म्हणाली. "मथुराले काविळ नव्हती व बाई. तिले गर्भपिशवीना तोंडना कॅन्सर व्हता. वरीसभर खाटवर व्हती. आम्ही सांगतूत तं तुना बाप पोर देता का? लोके म्हनेत, त्या घरमा रोग शे. मायनी बठ्ठासले आन घाली, कोनी बोलनं नही. हेमराजनीबी शब्द दिन्हा व्हता."

म्हणजे संशय खरा होता. घरात काहीतरी दडवलेलं होतंच. ते तिच्या समोर, तिच्याच गळ्यात होतं, आणि ती ते परक्या बायकांच्या तोंडावर शोधत फिरली. कामिनीला राग आला, सासूचा आला, कलाबाईचा आला. मग एकदम तिच्या डोक्यात दुसरंच काही लखलखलं, आणि ती राग विसरून फोन घेऊन परसदारी गेली.

डॉक्टर सपनांनी सगळं ऐकून घेतलं. "त्यांनी मला हे सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

"मी शेजारी बसले होते म्हणून नाही सांगितलं," कामिनी म्हणाली. "बाई, तो आजार आणि हा आजार एकच का?"

"जागा वेगळी, पण विषाणू बहुतेक वेळा तोच. गर्भपिशवीच्या तोंडाचे जवळजवळ सगळे कॅन्सर त्याच्यापासूनच होतात."

"पण ती जाऊन वीस वर्षांवर झाली."

"तेच तर मी त्या दिवशी सांगत होते, तुम्ही ऐकत नव्हता. हा विषाणू शंभरातल्या बहुतेक माणसांना कधीतरी लागतो आणि वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. लागला ते कळत नाही, गेला तेही कळत नाही. थोड्या जणांच्या शरीरात तो राहतो. टॉन्सिलला बारीक बारीक खाचा असतात, तिथे तो दडतो, शरीराच्या पहारेकऱ्यांना चटकन सापडत नाही. आपल्या पेशींना वाढ थांबवायचा ब्रेक असतो, हा तो ब्रेक निकामी करतो. मग एखादी पेशी वाढत सुटते. यात दहा वर्षं जातात, वीस जातात, तीससुद्धा. सगळा वेळ माणूस ठणठणीत असतो. म्हणून आता लहान मुलामुलींना आधीच लस देतात."

"मग तिच्याकडून यांना आला? की यांच्याकडून तिला गेला?"

"याचं उत्तर कोणाकडेच नाही, कामिनीताई. शक्यता दोन्हीकडून आहे. दोघांनाही वेगवेगळा लागला असेल. माणूस एकाच जोडीदाराबरोबर राहिला तरी होऊ शकतो. कोणाच्या चालीचा हा पुरावा नव्हे. सर्दी कोणाकडून आली याची आपण चौकशी करतो का?"

कामिनी करायची, पण ते ती बोलली नाही.

"आणि ताट-वाटीने पसरत नाही, तेही सांगितलं होतं. तुमची गर्भपिशवीची तपासणी झालीय कधी? जळगावातच करून घ्या. बहुतेक काही निघणार नाही, पण करून घ्या."

फोन ठेवल्यावर कामिनी धुण्याच्या दगडावर बसून राहिली. तिला लाज वाटली. मग आणखी एक विचार आला आणि ती लाज मागे पडली. वर्षभर खाटेवर पडलेल्या मथुरेची सेवा हेमराजनेच केली असणार. तिच्या नावाने तो अजूनही वर्षातला एक दिवस उपास धरायचा. आपणच तिला हा रोग दिला असेल, असं या माणसाच्या कानावर गेलं तर?

त्या संध्याकाळी तिने वेगळं ताट घासून बाकीच्या ताटांत मिसळून टाकलं. दोन दिवसांनी स्वतःची तपासणी करून घेतली. त्यात काही निघालं नाही, आणि यातलं हेमराजला तिने काहीच सांगितलं नाही.

शेवटची किरणं झाली त्या दुपारी हेमराज कलाबाईच्या ओसरीवर उशाला टेकून बसला होता. गाठ बोटाला लागेनाशी झाली होती. मानेची कातडी भाजल्यासारखी काळी पडली होती. कामिनी पेजेची वाटी घेऊन समोर बसली. त्याचा आवाज अजून फुटत नव्हता, नुसती कुजबुज यायची.

"अक्कानी सांगं माले. तुले मथुरानं कळनं."

"हा."

"इंदूरनं खोटं व्हतं."

"माले माहीत शे. रिक्षामा उलट्या करनारा मानूस ट्रकमा कसा जाई? काबर सांगं मंग?"

हेमराजने घोट गिळला, डोळे मिटून, दुखणं जाईपर्यंत थांबला.

"तू येत नव्हती."

कामिनीने चमचा भरला आणि तो वाटीतच राहू दिला. ओसरीसमोरून एक स्कूटर गेली, पोरं ओरडत शाळेतून येत होती. हेमराज तिच्याकडे बघत होता, आणि या वेळी तिने नजर पेजेकडे वळवली नाही.

"एक इचारू?" तो म्हणाला. "जाळीमा पडेल व्हतू तवय रोज मनमा ये. मथुराना रोग आन मना रोग, एकच शे का?"

"नही."

"मनामुळे तं नही ना गयी ती?"

"नही म्हनं ना."

"तू डॉक्टरबाईले इचारं?"

"इचारं. काही संबंध नही म्हने. तो अलग, हाऊ अलग."

तो तिच्याकडे बघत राहिला. डोळे बारीक करून, कपाळावर आठी घालून, तिच्या तोंडावर काही हलतंय का ते शोधत. बावीस वर्षं ती त्याच्याकडे असंच बघत आली होती, आणि असं बघितलेलं माणसाला आतून कसं लागतं ते तिला आज कळलं. तिने पापणी हलू दिली नाही. पेजेचा चमचा त्याच्या ओठांशी धरला. बऱ्याच वेळाने त्याने तोंड उघडलं. त्याला खरं वाटलं की नाही, ते तिला कळलं नाही, आणि तिने विचारलंही नाही.